बासनात बांधलेले भाग्य

कापडात बांधून ठेवण्याला मराठीत जितके शब्द आहेत, तितके पेटीला नाहीत. पोथीचे बासन, दफ्तराचा रुमाल, परटाचे गाठोडे, प्रवाशाचे बोचके, लग्नाचा बस्ता, म्हातारीच्या कनवटीची पुरचुंडी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मराठ्यांच्या राज्यकारभाराचे कागद रुमालांतच बांधून ठेवलेले होते, आणि संशोधक मंडळी ‘अमुक रुमालातला तमुक कागद’ असाच त्यांचा उल्लेख करीत आली. म्हणजे आपला इतिहास अक्षरशः फडक्यात बांधलेला आहे. पण त्या फडक्याचा इतिहास? रुमालाच्या आत काय होते हे सांगणारे ग्रंथ कपाटभर आहेत. तो रुमाल कोणी विणला, कोणी शिवला, त्याच्या कडेचा दोरा कोणाच्या हातचा, हे कोणी विचारल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

मी शाळामास्तरीण; शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून इतिहासकार म्हणवून घेण्याचा अधिकार येत नाही, हे मी जाणून आहे. परंतु वर्गात मुलांकडून सनावळ्या घोकून घेताना एक गोष्ट मनाला सलत राहते. लढाई जिंकणाऱ्याचे नाव राहते, त्याचा अंगरखा शिवणारीचे राहत नाही. हा प्रश्न फडक्याच्या निमित्ताने मनावर घेणारा एक देश मला पुस्तकांतून आणि संग्रहालयांच्या चित्रांतून भेटला. तो देश म्हणजे कोरिया, आणि ते फडके म्हणजे ‘बोजागी’.

बोजागी म्हणजे बांधायचे, झाकायचे, गुंडाळायचे चौकोनी कापड. कधी त्याच्या कोपऱ्यांना बंद असतात, कधी नसतात. लहान असले तर अंगठी मावेल एवढे, मोठे असले तर अंथरूण-पांघरूण बांधता येईल एवढे. कोरियाच्या मागावर कापड अरुंद निघे, हातभरापेक्षाही कमी पन्ह्याचे. म्हणून बोजागी किती मोठी हे सांगताना ती किती पन्ह्यांची असे सांगत. पेटी रिकामी असली तरी जागा अडवते. बोजागी काम संपले की घडी होऊन फडताळात जाते. कोरियातली घरे लहान, खोल्या बसक्या. तिथे या गुणाला फार किंमत होती.

तिला तिथल्या भाषेत नुसते ‘बो’ असेही म्हणतात, आणि ‘बोक’ म्हणजे भाग्य. या दोन शब्दांच्या जवळिकीमुळे लोकांत अशी समजूत रुजली, की बोजागीत वस्तू बांधणे म्हणजे तिच्याबरोबर भाग्यही बांधणे. आपल्याकडे ओटी भरताना पदराला गाठ मारतात, त्यातली भावना याहून फार दूर नाही. लग्नात तर बोजागीवाचून पान हलत नसे. वराकडून जाणारी जन्मवेळेची पत्रिका बोजागीत, वधूकडची भेटवस्तू बोजागीत. लग्नविधीत एक लाकडी रानहंस देण्याची चाल होती, कारण रानहंसाची जोडी जन्मभर एकमेकांना सोडत नाही असा समज; तो लाकडी हंससुद्धा खास त्याच्या बोजागीत बसून यायचा. जेवणाच्या चौरंगावर घालायची निराळी. तिच्या मधोमध उचलायला कापडाची मुठीसारखी कडी असते. उन्हाळ्यात ती जाळीसारखी विरळ, की माशी बसू नये पण वारा लागावा. काहींना आतून तेलकट कागदाचे अस्तर, की ओल कापडाला लागू नये. पुस्तकांची निराळी, कपड्यांची निराळी, अंथरुणाची निराळी. गावोगाव हिंडणाऱ्या फेरीवाल्यांची एक जातच बोजागीच्या नावाने ओळखली जाई, कारण त्यांचे सगळे दुकान एका गाठोड्यात असे.

या सर्व प्रकारांत ज्याने आज जगाचे डोळे वेधले, तो प्रकार गरिबाघरचा आहे. त्याचे नाव ‘जोगाकबो’. जोगाक म्हणजे तुकडा. कपडे शिवून उरलेल्या कातरणीचे तुकडे एकमेकांना जोडून केलेली बोजागी ती जोगाकबो. कोरियाच्या पारंपरिक पोशाखात बाह्यांना, गळ्याला, काखेला वळणे असतात. अरुंद कापडातून ती कापताना कोपरे, तिरक्या पट्ट्या, बोटाएवढ्या चिंध्या उरायच्याच. त्या फेकायच्या नाहीत, हा घरचा नियम. जोसॉन राजघराण्याने १३९२ पासून १९१० पर्यंत कोरियावर राज्य केले. त्या राजवाड्यातही बोजाग्या होत्या, रेशमाच्या, रंगवलेल्या, नक्षी छापलेल्या. पण त्यांत तुकडे जोडलेली नसे. राजाला ठिगळ कशाला लावायचे? ठिगळ लावले ते प्रजेने, आणि प्रजेतही बायकांनी.

परंतु तुकड्याची गोष्ट सांगायची तर आधी कापडाची सांगितली पाहिजे, कारण कातरण जपण्याचे खरे कारण कापड किती कष्टाने हाती येई यात आहे.

कोरियात तीन कापडे घरोघरची: भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीचे ‘सांबे’, रॅमी नावाच्या झाडाच्या सालीचे ‘मोसी’ आणि सुती. रेशीम श्रीमंतांचे किंवा सणासुदीचे. यांत मोसीची कीर्ती मोठी, आणि मोसीत हानसान गावाकडची. हा मुलूख देशाच्या पश्चिमेला समुद्राजवळ आहे, हवा दमट. रॅमीचे पीक वर्षातून तीनदा कापतात. वरची हिरवी साल काढून आतला तंतू सोलायचा, तो पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवून पांढरा करायचा. मग तो चिरायचा. आणि चिरायचा तो चाकूने नव्हे, दातांनी. बायका तंतूचे टोक दातांत धरून, जिभेच्या आणि ओठांच्या मदतीने त्याचे केसाएवढे धागे काढीत. नवख्या मुलीचे ओठ सोलवटून रक्त यायचे. पुढे वर्षानुवर्षांनी दातांनाच खाच पडे. एखाद्या गोष्टीची अंगवळणी सवय झाली, याला कोरियन भाषेत जो वाक्प्रचार आहे, तो या दातांतल्या खाचेवरूनच आला असे हानसानकडे सांगतात. नंतर दोन धाग्यांची टोके उघड्या गुडघ्यावर ठेवून, थुंकी लावून तळहाताने वळायची. की एक धागा दुसऱ्यात मिसळून जाई आणि गाठ म्हणून दिसत नसे. ताण्याला सोयाबीनच्या पिठाची खळ लावायची आणि कोंड्याच्या मंद आंचेवर वाळवायची. आणि विणताना? कोरड्या हवेत हा धागा तुटतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात, दारेखिडक्या लावून, ओलसर बसक्या खोलीत माग चालवायचा. जे कापड अंगावर वाऱ्यासारखे हलके वाटावे म्हणून प्रसिद्ध, ते विणणारी स्वतः घामाने निथळत असे. उत्तम मोसीचा अख्खा ठाण भाताच्या एका वाडग्यात मावतो, अशी म्हण आहे.

हे काम एकटीचे नव्हतेच. आपल्याकडे शेतीत इर्जिक घालतात, सावड करतात, त्याला कोरियात ‘दुरे’ म्हणत. पुरुषांची दुरे शेतात, बायकांची धाग्याशी. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. ज्या घरी बसायचे त्या घरचा धागा त्या दिवशी सगळ्यांनी वळायचा, आणि त्या घरच्या बाईने सगळ्यांना जेवू घालायचे. रात्री दिव्याचे तेल एका घरचे जळे, उजेड दहा जणींना पुरे. गाणी असत, उखाळ्यापाखाळ्या असत, नव्या सुनेला धागा वळायला शिकवणे असे. कला आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे गेली. २०११ साली युनेस्कोने हानसानच्या मोसी विणण्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातले. त्यातही मायलेकी-सासवासुनांची ही परंपरा आणि शेजारणींचे एकत्र बसून काम करणे, या दोन्ही गोष्टींची नोंद आहे.

आता एक जुनी कथा सांगते, ती दिवाळीच्या दिवसांत सांगण्याजोगीच आहे. ‘सामगुक सागी’ म्हणजे तीन राज्यांचा इतिहास, हा ग्रंथ किम बू-सिक याने ११४५ साली पुरा केला. त्यात सिल्ला राज्याचा राजा युरी याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षाची, म्हणजे इसवी सन ३२ ची, हकीकत आहे. राजाने राजधानीतल्या सहा वाड्यांच्या बायकांचे दोन तट पाडले आणि दोन राजकन्यांना एकेका तटाचे पुढारीपण दिले. सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवसापासून रोज पहाटे मोठ्या अंगणात जमायचे आणि रात्रीच्या दुसऱ्या प्रहरापर्यंत धागा काढायचा, विणायचे. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मोजदाद. ज्या तटाचे काम कमी भरेल, त्याने जिंकणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचे. मग नाचगाणी, खेळ. या उत्सवाला ‘गाबे’ म्हणत. हरलेल्या बाजूची एक बाई उठून नाचू लागली आणि तिने असा काही सुस्कारा टाकला, की त्यावरून पुढे लोकांनी गाणे रचले. ‘होएसोगोक’ हे त्याचे नाव.

ग्रंथ घटनेनंतर अकराशे वर्षांनी लिहिलेला. तेव्हा सन-तिथी मुलांच्या परीक्षेसारखी काटेकोर धरायचे कारण नाही. पण कोरियाचा सर्वांत मोठा सण ‘चुसॉक’ याचे मूळ लोक याच गाबेत पाहतात. आठव्या महिन्याची ही पौर्णिमा म्हणजे बहुधा आपल्या कोजागरीच्या आधीची पौर्णिमा. एखाद्या वर्षी दोन्ही सण एकाच चंद्राखाली येतात, तसे ते २०२५ साली ६ ऑक्टोबरला आले. कोजागरी आणि बोजागी या दोन शब्दांचा यमक सोडला तर काही संबंध नाही. पण ज्या राष्ट्राचा सर्वांत मोठा सण बायकांच्या सूत कातण्याच्या शर्यतीतून निघाला असे ते राष्ट्रच सांगते, त्याच्याबद्दल मला तरी आपलेपणा वाटतो. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली आहे. जिंकणाऱ्या बाईबद्दल त्या ग्रंथात एक अक्षर नाही. ज्या बाईला गाण्यात जागा मिळाली, ती हरलेली होती.

कापूस कोरियात उशिरा आला. मुन इक-जोम नावाचा अधिकारी १३६३ साली वकिलातीबरोबर चीनमध्ये गेला आणि परतताना कापसाचे बी घेऊन आला. लेखणीच्या पोकळ दांड्यात ते लपवून आणले, असे लोक सांगतात. त्याने आणि त्याच्या सासऱ्याने दक्षिणेत सान्चोंग येथे ते पेरले. पन्नास-शंभर वर्षांत सुती कापड देशभर झाले. थंडीत कुडकुडणाऱ्या गरिबाला ऊब मिळाली, म्हणून मुनचे नाव कोरियातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

पण कापड वाढले तसा कापडावरचा डोळाही वाढला. जोसॉन राज्यात सुती ठाण म्हणजे नाणेच होते. त्यात सारा भरत. लष्करात चाकरी न करणाऱ्या सामान्य पुरुषाने तिच्या बदली दरसाल दोन ठाण कापड सरकारात द्यायचे, असा कर होता. उच्च कुळांतल्या लोकांना तो माफ. १७५० साली राजा योंगजो याने दोनाचा एक ठाण केला. प्रजेने दुवा दिला. तरी अंमलदारांचे हात थांबले नाहीत. मेलेल्या माणसाचे नाव पटावर ठेवून त्याच्या नावाने कापड वसूल करायचे, याला लोक पांढऱ्या हाडांचा कर म्हणत. पाळण्यातल्या पोराचे नाव शिपाई म्हणून चढवायचे, याला पिवळ्या चोचीचा कर म्हणत. पटावर नाव पुरुषाचे; जिवंत, मेलेल्या किंवा तान्ह्या. ठाण विणणारीचे नाव त्या पटावर कधीच नव्हते. नवऱ्याच्या वाट्याचा, मेलेल्या सासऱ्याच्या वाट्याचा आणि मांडीवरच्या मुलाच्या वाट्याचा कर एकीच्याच मागावर विणला जात होता. ठाण सरकारजमा झाले की हाती काय उरे? कातरण. जोगाकबोकडे नुसती हौस म्हणून पाहू नये, ते याचसाठी. सरकारने नेलेल्या कापडातून जे वाचले, त्याची ती जमाखर्चाची वही आहे.

आता या बायका बसत कोठे, ते पाहू. वरच्या वर्गाच्या घरात पुरुषांचा सोपा बाहेर आणि बायकांचे दालन आत. मुलगी जाणती झाली की ती आतली झाली. इसाबेला बर्ड बिशप ही इंग्रज प्रवासिनी १८९४ ते १८९७ या काळात कोरियात चार वेळा गेली. १८९८ साली तिचे पुस्तक निघाले. राजधानी सोलमध्ये रात्री मोठी घंटा होई, मग पुरुषांनी रस्ते मोकळे करायचे आणि बायकांनी हिंडायचे, अशी चाल तिने लिहून ठेवली आहे. दिवसभर पांढरे कपडे घालून फिरणारे पुरुष आणि ते पांढरे ठेवण्यात आयुष्य घालवणाऱ्या बायका हेही तिने पाहिले. धुण्यासाठी कपड्याची शिवण उसवायची, तुकडे वेगळे करून धुवायचे, मग दगडावर ठेवून लाकडी दांड्यांनी कुटून त्यांना तकाकी आणायची आणि पुन्हा शिवायचे. दगडाच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसत, बहुधा सासू आणि सून, आणि चार दांडे एका तालात पडत. रात्री गावात हा आवाज दूरवर ऐकू येई. भांडण असो वा गोडी, ताल चुकवून चालत नसे. दांडा बोटावर पडायचा.

म्हणजे कपडा एकदा शिवून भागत नव्हते. तोच तो वर्षातून अनेकदा शिवायचा. असल्या घरात सुई हेच मुलीचे विद्यापीठ. आणि सुदैवाने याच बायकांच्या हाती एक दुसरे साधन आले होते. राजा सेजोंग याने १४४३ साली कोरियन भाषेसाठी सोपी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. पंडितांनी तिला हिणवून बायकांची लिपी म्हटले. ते चिनी अक्षरांतच लिहीत राहिले. बायकांनी मात्र ती उचलली. तिच्यात लिहिलेल्या दोन लहान गद्यकृती कोरियन साहित्यात अमर झाल्या आहेत, आणि दोन्ही शिवणकामाच्या आहेत.

पहिलीत सात मैत्रिणींचे भांडण आहे. मोजपट्टी, कात्री, सुई, दोरा, अंगुस्तान, शेगडीत तापवायची डागणीसारखी छोटी इस्त्री आणि निखारे भरायची मोठी इस्त्री. मालकीण झोपलेली पाहून सातही जणी आपापली थोरवी सांगू लागतात. मी मापले नाही तर तुम्ही काय कराल, असे पट्टी म्हणते. मी कापले नाही तर तुझे माप चुलीत, असे कात्री. थोडक्यात, आपल्या घरी कार्याच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात जे चालते तेच. मग गाडी मालकिणीवर घसरते, ती आम्हाला कशी वागवते या गाऱ्हाण्यावर. मालकीण जागी होते, रागावते. आणि शेवटी अंगुस्तान, जी या गोष्टीत म्हातारी आजी आहे, ती सगळ्यांच्या वतीने क्षमा मागून प्रकरण मिटवते. लिहिणारीचे नाव माहीत नाही.

दुसरी कृती म्हणजे मोडलेल्या सुईचा शोक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. लिहिणारी विधवा, मूलबाळ नाही, सुईवर पोट. तिच्या नवऱ्याचे चुलते वकील म्हणून बीजिंगला गेले होते. येताना त्यांनी सुयांच्या पुड्या आणल्या. त्या तिने नातलगांना, दासींना वाटल्या आणि काही स्वतःला ठेवल्या. त्यांतली एक सुई सत्तावीस वर्षे टिकली. दहाव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला, रात्री मिणमिणत्या दिव्याशी, दरबारी झग्याला गळपट्टी लावताना ती मोडली. कोरियात थोर पुरुष वारला की त्याच्यासाठी शोकलेख वाचायचा रिवाज. त्याच थाटात या बाईने एका सुईसाठी शोकलेख लिहिला. वाचताना आधी हसू येते, आणि मग ते ओठांवरच राहते. या बाईचेही नाव उरले नाही. ‘यू घराण्यातील स्त्री’ एवढेच. मोठमोठ्या घराण्यांच्या वंशावळींत लेकीच्या जागी जावयाचे नाव लिहीत. तिथे सुईवालीचे कोण लिहिणार?

आता जोगाकबो हातात घेऊन पाहू. उन्हाळी बोजागीला अस्तर नसते. तेव्हा शिवण उलट बाजूनेही सुलटीइतकीच नेटकी दिसली पाहिजे. म्हणून दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत गुंडाळून, दोरा आत लपवून, बारीक टाक्यांनी शिवायच्या. उजेडाकडे धरली तर या शिवणी खिडकीच्या गजांसारख्या उमटतात आणि मधले तुकडे काचेसारखे दिसतात. रंगांत पाच दिशांचे पाच रंग मुख्य: पूर्वेचा निळा, पश्चिमेचा पांढरा, दक्षिणेचा तांबडा, उत्तरेचा काळा आणि मध्याचा पिवळा. पण तुकडा जो हाती येईल तो. नियम मोडावाच लागे, आणि सौंदर्य बहुधा त्या मोडण्यातच आले आहे. एवढे तुकडे, एवढे टाके, म्हणजे तेवढे आयुष्य अशी श्रद्धा होती. आजही जुन्या संग्रहात अशा जोगाकबो आहेत, की ज्यांना कधी गाठ पडलेलीच नाही. त्या वापरायला शिवलेल्या नव्हत्या. लेकीसाठी, नातवासाठी मागितलेले ते मागणे होते, आणि मागणे कोणी भाजी बांधायला काढीत नाही.

एका जोगाकबोत कोणाकोणाचे कपडे असतील? कोण्या नव्या नवरीचा तांबडा घागरा, बाळाचे पहिले झबले, सोप्यावरच्या मालकाचा उन्हाळी सदरा. घरात एकमेकांसमोर न येणारी माणसे त्या कापडात मांडीला मांडी लावून बसलेली असतात. ती शिवणारा हातही नेहमी एकच असे, असे समजायचे कारण नाही. धागा दहा जणींनी वळलेला, ठाण एकीने विणलेले, कपडा दुसरीने बेतलेला, कातरण तिसरीने जपलेली. सही करायची तर कोणी करायची?

विसाव्या शतकाने या गाठोड्याची फार परीक्षा पाहिली. १९१० साली देश जपानच्या हाती गेला, १९४५ साली सुटला तो दुभंगून, आणि १९५० साली युद्ध पेटले. १९५० च्या डिसेंबरात हुंगनाम बंदरातून एकाच मालवाहू जहाजाने सुमारे चौदा हजार निर्वासित दक्षिणेला नेले. वाटेत पाच मुले जन्मली. त्या वर्षांच्या छायाचित्रांत बर्फातून चाललेल्या रांगा दिसतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, पाठीवर एकच वस्तू: बोजागीचे गाठोडे. घर सोडताना जे बांधता आले तेवढे घर. कोरियन भाषेत ‘गाठोडे बांधणे’ म्हणजे कायमचे निघून जाणे. आपण चंबूगबाळे आवरणे म्हणतो तसे.

या युद्धाच्या शेवटाशी आपलाही धागा आहे. १९५३ साली युद्धबंदी झाली, पण मायदेशी परत जायला तयार नसलेल्या हजारो युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांना सांभाळण्यासाठी हिंदुस्थानने आपली फौज पाठवली, आणि तिचे सेनापती होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. आपले जवान दोन्ही सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात राहिले. त्या छावणीचे नाव हिंदनगर. १९५४ साली ते परतले तेव्हा, दोन्ही बाजूंना नको म्हणणारे ८८ कैदी त्यांच्याबरोबर भारतात आले. अठ्ठ्याऐंशी माणसे, आणि परत जायला घर नाही.

युद्धाने जे केले नाही ते सुबत्तेने केले. पूर्वी कोरियातली मुले वह्यापुस्तके बोजागीत बांधून शाळेत जात; मुलगे ती खांद्यावरून तिरपी बांधीत, मुली कमरेला. मग दप्तरे आली, गिरणीचे कापड आले, नायलॉन आले, प्लॅस्टिकची पिशवी आली. आजीच्या फडताळातले तुकड्यांचे फडके कोणाला हवे होते? या काळात हू दोंग-ह्वा नावाच्या एका गृहस्थाने ती फडकी गोळा करायला घेतली. पत्नी दंतवैद्य, तीही या नादात सामील. १९७६ साली दोघांनी सोलमध्ये भरतकामाचे संग्रहालय काढले, आणि तिथल्या बोजाग्या देशोदेशी फिरल्या. पाहणाऱ्यांना मोंद्रियान आणि पॉल क्ले यांची चित्रे आठवली. तीच चौकटींची मांडणी, तेच रंगांचे तोल. स्तुती खरीच. पण मला त्यात एक खोच वाटते. मोंद्रियान १८७२ सालचा. त्याच्या जन्माआधीपासून जे घडत होते, ते त्याच्यासारखे दिसते म्हणून थोर ठरावे, हे उलट्या गंगेसारखे झाले. शिवाय चित्राखाली चित्रकाराचे नाव असते. बोजागीखालच्या पाटीवर कर्त्याच्या जागी ‘अज्ञात’ एवढेच लिहिता येते.

हू यांनी २०१८ साली आपला हजारो वस्तूंचा संग्रह सोल शहराला दिला आणि त्याच वर्षी ते वारले. २०२१ साली सोलचे हस्तकला संग्रहालय उघडले, त्यात तो आहे. ते संग्रहालय पूर्वीच्या एका मुलींच्या शाळेच्या इमारतींत आहे, हे वाचून शाळामास्तरीण म्हणून मला बरे वाटले.

हानसानची मोसी १९६७ सालीच राष्ट्राने वारसा म्हणून मान्य केली होती, आणि तेव्हा मुन जोंग-ओक या विणकरणीचे नाव सरकारदप्तरी चढले. शतकानुशतके ज्या पटावर पुरुषाचेच नाव चढत होते, त्यावर मागावर बसणारीचे नाव चढले. पण नाव चढले म्हणून काम सोपे झाले नाही. दातांनी धागा चिरायला आजची मुलगी सहजी तयार होत नाही, आणि का व्हावे? सोललेल्या ओठांची स्तुती दुरून करणे सोपे असते. ही कला टिकावी असे म्हणताना ती टिकवणारीने काय सोसावे हेही आपण सांगत असतो. म्हणून जरा जपून बोलावे. किम सू-जा ही कलावती १९५७ साली जन्मली. १९८३ साली आईबरोबर पांघरूण शिवत बसली असताना सुई कापडात शिरण्याच्या क्षणी तिला आपल्या कलेची वाट दिसली, असे ती सांगते. १९९७ साली ती गाठोड्यांनी भरलेल्या मालमोटारीवर बसून अकरा दिवस कोरियाभर हिंडली. गाठोडी तीच, जुन्या पांघरुणांची. मात्र या वेळी त्यांवर बसणारीला कोणी हाकलले नव्हते, ती आपल्या मर्जीने निघाली होती. माझ्या मते ही कला पुढे जाईल ती या वाटेने. लादलेले काम म्हणून नव्हे, निवडलेले म्हणून.

वाचकहो, इतिहास लिहायला दफ्तर लागते, आणि बायकांच्या कामाचे दफ्तर कोणी ठेवले नाही, ही तक्रार कोरियाइतकीच आपलीही आहे. कोरियातल्या त्या ‘अज्ञात’ पाट्या आता कोणालाच भरता येणार नाहीत, सांगणाऱ्या गेल्या. आपल्या घरांत मात्र गोधडीचा कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे बोट ठेवून सांगणारी एखादी आजी, मावशी, आत्या अजून असेल. या सणात सगळे जमलेले असताना तिला विचारावे, आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे: नावानिशी, गावानिशी, सालानिशी. शुद्धलेखनाची काळजी करू नये. ते तपासायला आम्ही आहोत.